एकांताची राखण

मराठी शिकवण्याचा पेशा पत्करला की दोन कामे कायमची पाठीस लागतात. एक, ओळखीपाळखीच्या घरच्या लग्नपत्रिकांचा मजकूर तपासून देणे. दुसरे, विद्यार्थ्यांच्या कवितांच्या वह्या वाचणे. पहिले काम सोपे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'आपले नम्र' जागच्या जागी आहेत ना एवढे पाहिले, की सुटका होते. वर पेढेही मिळतात. दुसऱ्या कामात तशी सुटका नाही. वही पुढे करणारा मुलगा शुद्धलेखनासाठी आलेला नसतो. त्याला आपले भविष्य विचारायचे असते. आणि भविष्य सांगायला कुडमुड्या जोशाजवळ जे धैर्य असते ते मराठीच्या अधिव्याख्यात्याजवळ नसते.

गेल्या पावसाळ्यात असाच एक मुलगा आला. शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा. मी तास संपवून हाताचा खडू झटकत होतो. त्याने दोनशे पानी वही माझ्या हाती दिली आणि खाली बघत म्हणाला, "सर, यात काही आहे का तेवढंच सांगा. नसेल तर सोडून देतो."

तेवढंच!

वही चार दिवस माझ्या टेबलावर पडून होती. कविता वाईट नव्हत्या. चांगल्या आहेत असेही म्हणवेना. पावसाच्या होत्या, आईच्या होत्या, आणि जिच्याशी कधी बोलणे झाले नाही अशा एका मुलीच्या तर पुष्कळच होत्या. अगदी शेवटच्या पानावर मात्र गिरणीतून दळण आणताना पिठाचा डबा छातीला कसा गरम लागतो, एवढीच गोष्ट आठ ओळींत लिहिलेली होती. ती त्याची स्वतःची होती. बाकीच्या सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या ऐकलेल्या होत्या.

त्या चार दिवसांत मला सव्वाशे वर्षांपूर्वीचा दुसरा एक मुलगा सारखा आठवत होता.

१९०२ साल सरत आले होते. व्हिएन्नाजवळ वीनर नॉयश्टाट नावाचे गाव आहे. तिथल्या लष्करी प्रबोधिनीच्या बागेत, चेस्टनटच्या जुन्या झाडांखाली, फ्रान्झ क्साव्हर काप्पुस नावाचा एकोणीस वर्षांचा छात्र पुस्तकात डोके खुपसून बसला होता. पुस्तक कवितेचे होते. प्रबोधिनीतले धर्मगुरू होराचेक जवळ आले, त्यांनी पुस्तक हातात घेतले, वरचे नाव वाचले आणि त्यांना मोठे नवल वाटले. हा रायनर मारिया रिल्के त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. पंधरासोळा वर्षांपूर्वी ते सांक्ट पोल्टनच्या लष्करी शाळेत होते, तेव्हा हा पोर तिथे शिकत होता. अबोल, गंभीर, बाजूबाजूने राहणारा, शाळेची शिस्त मुकाट्याने सोसणारा. पुढे प्रकृती साथ देईना, म्हणून लष्करी शिक्षण अर्धे टाकून तो परत गेला.

काप्पुसला सैन्यातल्या नोकरीची ओढ नव्हती. ज्या वाटेवर आपण नाइलाजाने उभे आहोत त्याच वाटेवरून हा माणूस सुटून कवी झाला, हे ऐकल्यावर त्याने काय केले असेल ते सांगायला नकोच. त्याने आपल्या कविता पाठवून दिल्या. सोबत मन मोकळे करणारे पत्र. पुष्कळ आठवड्यांनी निळ्या लाखेची मोहर केलेले उत्तर पॅरिसहून आले. त्यावर तारीख होती १७ फेब्रुवारी १९०३.

उत्तर लिहिणारा रिल्के त्या वेळी अवघा सत्तावीस वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाचा कवी पहिल्या संग्रहासाठी प्रस्तावनाकार शोधत असतो. रिल्केने त्या मुलाला अभिप्राय द्यायचेच नाकारले. कविता अजून तुझ्या स्वतःच्या झालेल्या नाहीत, हे त्याने न लपवता सांगितले. एका कवितेत काही आपले उमटू पाहते आहे हेही सांगितले. मग म्हणाला की तू मला विचारतोस, माझ्याआधी इतरांना विचारलेस, मासिकांना कविता पाठवतोस आणि परत आल्या की खट्टू होतोस. हे सारे बंद कर. रात्रीच्या अगदी निवांत वेळी स्वतःला विचार की लिहिल्यावाचून मला जगता येईल का. नाही, असे उत्तर आले तर सगळे आयुष्य त्या गरजेभोवती बांध. येईल, असे आले तर लिहिणे सोडून दे. त्यात काही कमीपणा नाही.

या पत्रानंतर नऊ पत्रे आली. इटलीतल्या व्हियारेज्जोहून, जर्मनीतल्या वोर्प्सवेडे या चित्रकारांच्या खेड्यातून, रोमहून, स्वीडनमधून, आणि शेवटचे पुन्हा पॅरिसहून. पहिली नऊ पत्रे एकवीस महिन्यांत. दहावे चार वर्षांच्या खंडानंतर, १९०८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले. सगळ्या पत्रांतून एक सूर सारखा ऐकू येतो, तो एकांताचा. एकांत जड वाटला तरी टाकून देऊ नकोस. तो जड आहे म्हणूनच तो धरून ठेवण्यासारखा. उत्तरांची घाई करू नकोस, प्रश्नांनाच घरात राहू दे. वर्षे मोजू नकोस, झाड काही पंचांग बघून फळाला येत नाही. आणि प्रेम? तेही अवघड काम आहे, आयुष्यातले बहुधा सर्वांत अवघड. तरुण माणसे ते शिकण्याआधीच एकमेकांच्या अंगावर स्वतःला लोटून देतात आणि मग दोघांचेही काही उरत नाही. खऱ्या प्रेमात दोन एकांत शेजारी नांदतात आणि एकमेकांना सांभाळतात.

काप्पुसने ही दहा पत्रे १९२९ साली, रिल्केच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, छापली. तेव्हापासून जगातल्या कितीतरी भाषांतल्या, वही काखोटीला मारून हिंडणाऱ्या मुलांच्या उशाशी ते लहानसे पुस्तक असते. माझ्याही होते.

पाचव्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले आणि मोठ्या हौसेने हे सगळे सांगितले. एकांतावर तर मी असा रंगलो की स्टाफ रूममधला शिपाईसुद्धा चहाचे कप गोळा करायचा थांबला. मुलाने सगळे नीट ऐकून घेतले. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, आम्ही दोन खोल्यांत सहाजण राहतो. एकांत आणू कुठून?"

मी म्हणालो, "अरे, एकांत हा मनाचा असतो."

त्याने मान हलवली. व्याख्या उतरवून घेताना मुले जशी मान हलवतात तशी. वही घेऊन तो गेला, आणि माझे वाक्य माझ्याच कानांत पोकळ वाजत राहिले. कारण ते बोलणाऱ्या माझ्याकडे, मनाचा एकांत नसला तरी, अकरा बाय नऊची एक खोली होती. तिला दार होते, आणि दाराला आतून कडी होती.

रात्री पत्नी मेथी निवडत बसली होती. तिला मी ही हकीकत सांगितली. मेथीवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, ते ठीक. पण त्यांची भाकरी घेऊन डोंगर चढत कोण होतं?"

परंपरेने सांगितलेली ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. भाकरी घेऊन निघालेल्या जिजाईच्या पायात काटा मोडतो, आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो. इतकी वर्षे मी त्या गोष्टीतला विठ्ठलच तेवढा पाहत होतो. काट्याकडे माझे लक्ष त्या रात्री गेले.

मग मी रिल्केचे चरित्र पुन्हा उघडले, या वेळी भाकरीच्या बाजूने.

रिल्केने १९०१ च्या एप्रिलमध्ये क्लारा वेस्टहोफ हिच्याशी लग्न केले. क्लारा शिल्पकार होती, रोदाँच्या हाताखाली शिकलेली. डिसेंबरात त्यांना मुलगी झाली, रूथ. क्लाराची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे पाउला मोडरसोन-बेकर. आज तिची गणना त्या काळातल्या थोर चित्रकारांत होते. १९०२ च्या फेब्रुवारीत पाउलाने या जोडप्याला एक दुखावलेले पत्र लिहिले. तक्रार अशी की लग्न झाल्यापासून क्लारा स्वतःची राहिलीच नाही, सगळीच्या सगळी नवऱ्याची होऊन गेली. या तक्रारीला रिल्केने उत्तर पाठवले. एकमेकांच्या एकांताची राखण करणे हेच दोन माणसांच्या नात्यातले सर्वांत मोठे काम आहे, असा त्याचा आशय होता.

हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ बसलो. ज्या विचाराला मी इतकी वर्षे एका तत्त्वचिंतक कवीचे चिंतन समजत होतो, तो आधी एका रागावलेल्या मैत्रिणीला दिलेला जबाब होता! आणि तो लिहिला गेला तेव्हा घरात दोन महिन्यांचे मूल होते.

सहा महिन्यांनी रिल्के पॅरिसला निघून गेला. हाती रोदाँवर पुस्तक लिहिण्याचे काम होते आणि घरात पैसा नव्हता. मागोमाग क्लाराही पॅरिसला आली. रूथ आजी-आजोबांकडे राहिली आणि तिथेच वाढली. तिघांचे मिळून असे घर पुढे झालेच नाही. काप्पुसला प्रेमावरचे ते प्रसिद्ध पत्र रोमहून १९०४ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा रूथ अडीच वर्षांची होती.

आणि पुढे? १९१२ च्या जानेवारीत दुइनोच्या किल्ल्यात, समुद्रावरच्या कड्यापाशी, त्याच्या विलापिकांना आरंभ झाला. किल्ला एका राजघराण्यातल्या बाईंचा होता. त्या विलापिका पुऱ्या व्हायला दहा वर्षे लागली. मध्ये महायुद्ध आले, लष्करात भरती व्हावे लागले, लेखणी कोरडी पडली. अखेर स्वित्झर्लंडमध्ये म्यूझोट येथे एक जुना दगडी बुरूजवाडा मिळाला. त्याचा खर्च एका धनिक रसिकाने उचलला. ते ओसाड घर राहण्याजोगे केले बालादीन क्लोसोव्स्का या चित्रकार मैत्रिणीने. आणि घर लागल्यावर, त्याला एकट्याला राहता यावे म्हणून, ती तिथून निघून गेली. जाताना ऑर्फियसचे एक लहानसे चित्र तिने भिंतीवर लावून ठेवले होते. स्वयंपाकपाणी बघायला एक बाई होती. १९२२ च्या फेब्रुवारीत त्या घरात, काही आठवड्यांत, उरलेल्या विलापिका आणि ऑर्फियसवरची पंचावन्न सुनीते लिहून झाली. विसाव्या शतकातल्या कवितेत असा महिना दुसरा दाखवणे कठीण. त्याच वर्षी रूथचे लग्न झाले. रिल्के लग्नाला गेला नाही.

इथवर आले की रिल्केला दांभिक ठरवणे अगदी सोपे आहे. चहाचा एक कप संपेपर्यंत हे काम उरकणारे सहकारी माझ्या स्टाफ रूममध्ये आहेत. मला ते जमत नाही. एक तर, त्याने हे लपवले नाही. स्वीडनहून लिहिलेल्या आठव्या पत्रात त्याने काप्पुसला बजावलेच आहे की तुला धीर देणारा हा माणूस स्वतः सुखात आहे असे समजू नकोस. तसा असता तर त्याला हे शब्द सापडलेच नसते. दुसरे, क्लाराने आपले काम सोडले नाही. ती शेवटपर्यंत शिल्पकार राहिली. १९०७ साली सेझानची चित्रे पाहून रिल्केने जी पत्रे लिहिली ती क्लारालाच; आणि तिनेच ती पुढे पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवली. एका घरात राहणे त्या दोघांना साधले नाही. राखण काही प्रमाणात साधली. रूथला मात्र कोणी काही विचारले नव्हते.

आणि पाउला? १९०७ च्या नोव्हेंबरात, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांच्या आत ती गेली. वय एकतीस. वर्षभराने रिल्केने तिच्यासाठी एक दीर्घ शोककविता लिहिली. बाईच्या हातून होणारे काम आणि तिच्याकडून मागितले जाणारे संसाराचे देणे यांतली ओढाताण तिच्यात अशी उतरली आहे की १९०२ च्या त्या पत्राचे खरे उत्तर हेच, असे वाटते. फार उशिरा दिलेले उत्तर. काप्पुसला शेवटचे पत्र गेले ते त्यानंतर दोन महिन्यांच्या आत.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती तिसरीच गोष्ट, आणि ती इतकी डोळ्यांसमोर आहे की आजवर दिसली नव्हती. ज्या दिवसांत ही पत्रे लिहिली गेली त्या दिवसांत रिल्के आजारी होता, कफल्लक होता. स्वतःची पुस्तके विकत घेऊन कोणाला भेट देण्याचीही त्याची ऐपत नव्हती. तसे त्याने काप्पुसला कळवले आहे. एकांताच्या एकेका तासासाठी तो जीव टाकत होता. त्या तासांतले तास काढून त्याने कोण कुठल्या, कधी न पाहिलेल्या एका पोराला दिले. एकदा तर काप्पुसने पाठवलेले सुनीत त्याने आपल्या अक्षरात उतरवून त्यालाच परत पाठवले. आपली कविता परक्याच्या हस्ताक्षरात वाचली म्हणजे ती पहिल्यांदा नीट दिसते, म्हणून. मुलीच्या वाट्याला जे आले नाही ते एका अनोळखी मुलाला मिळाले. यात न्याय नाही, मला मान्य आहे. पण एकांत ही दुसऱ्याला देता येण्याजोगी वस्तू आहे, एवढे त्यावरून कळते.

काप्पुसचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमचे विद्यार्थी हटकून विचारतात. तो मोठा कवी झाला नाही. शेवटच्या पत्राच्या वेळी तो दूरच्या एका ठाण्यावर सैन्यात नोकरी करीत होता, आणि रिल्केला त्याचा आनंदच झाला होता. अर्ध्याकच्च्या कलेच्या धंद्यांपेक्षा खरी नोकरी बरी, असे त्याचे मत. आणि त्या धंद्यांत त्याने वृत्तपत्रे, समीक्षा आणि वाङ्मय म्हणून मिरवणारे बरेचसे लेखन घातले होते. काप्पुस पुढे झाला काय, तर वृत्तपत्रवाला आणि लोकप्रिय कादंबरीकार! मराठीच्या समीक्षेवर पोट भरणाऱ्या आणि दर आठवड्याला या पानावर सदर लिहिणाऱ्या माणसाने यावर हसण्यात अर्थ नाही.

परंतु त्याचे एक काम मला फार मोलाचे वाटते. पत्रे छापताना त्याने फक्त रिल्केची छापली. स्वतःची पत्रे, स्वतःची दुःखे, सगळे बाजूला ठेवले. त्याची बाजू जर्मनीत छापून आली ती २०१९ साली, म्हणजे पत्रे प्रसिद्ध झाल्यावर नव्वद वर्षांनी. इतकी वर्षे तो त्या पुस्तकाच्या दाराशी उभा होता. आत बोलणाऱ्याला मध्येच कोणी हटकू नये म्हणून. याला राखण म्हणायचे नाही, तर कशाला?

एकांत मनाचा असतो, हे मी त्या मुलाला सांगितले ते खोटे नव्हते, अर्धे होते. एकांत मनाचा असतो, पण त्याला दार लागते, आणि दाराशी कोणीतरी बसावे लागते. शेत पिकते तेव्हा माळ्यावर कोणी जागलेले असते. आपण सगळे जण आपल्याला एकांत मिळत नाही म्हणून कुरकुरतो. आपल्या एकांताच्या दाराशी आजवर कोण बसले आणि आपण कोणाच्या दाराशी बसलो, हा हिशेब मात्र आपण सहसा मांडत नाही.

मी मांडला. तो लाजिरवाणा निघाला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला शोधून काढले. आमच्या विभागाची खोली चार वाजल्यानंतर रिकामी असते. तिची जादा किल्ली त्याला दिली आणि म्हणालो, "रोज साडेपाचपर्यंत बस. काय लिहिलंस ते मला दाखवायचं नाही." त्याने विचारले, "आणि काहीच लिहिलं नाही तर?" म्हटले, "तरी बस." गिरणीच्या कवितेबद्दल मी त्याला एवढेच सांगितले की ती मला चार दिवस आठवत होती. कवितेत काही आहे की नाही, हे अजून सांगितलेले नाही. त्यानेही पुन्हा विचारलेले नाही.

घरातला बंदोबस्त याहून अवघड होता. गेली पंधरा वर्षे माझी खोली बंद झाली की घर हळू आवाजात बोलते. मुलांना 'बाबा काम करताहेत' हे वाक्य पाढ्यांच्याही आधी पाठ झाले. दसऱ्यापासून मी ती खोली संध्याकाळी सहा ते आठ पत्नीला दिली आहे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मी तिथे बसून काय करू?" मी म्हणालो, "ते मी विचारणार नाही." पहिले चार दिवस ती तिथे नुसती झोपली. पंधरा वर्षांची झोप असावी. पाचव्या दिवशी दाराच्या फटीतून दिवा दिसला.

आता रोज दिसतो. आत काय चालते, मला ठाऊक नाही. लग्नाआधी ती पेटी वाजवीत असे. ती माहेरी आहे, आणि आतून आवाज तर काही येत नाही. वाचत असेल, लिहीत असेल, खिडकीतून बघत असेल. मला विचारावेसे फार वाटते. रिल्के इतकी वर्षे वाचून मला एकच गोष्ट नीट आली असेल, तर ती हे न विचारण्याची.

एरवी या सदराला दीड पान मिळते. दिवाळी अंकात संपादक हात सैल सोडतात, म्हणून एवढे लिहिता आले. लिहिले आहे ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चकलीच्या भाजणीचा डबा बाजूला सारून. मघाशी धाकटा येऊन विचारून गेला, "आई कुठाय?" मी म्हटले, "हळू बोल. आई काम करते आहे." त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी व्याकरणाची चूक केली होती.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा आहे. दोन झाल्या आहेत. तेव्हा इथेच थांबतो.